फेब्रुवारीतला मोरोक्को : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी, पायरी-पायरीने

मोरोक्कोला जायचं ठरलं तेव्हा ओळखीतल्या जवळजवळ प्रत्येकाने एकच सांगितलं, "आफ्रिकेत चाललात ना, सुती कपडे घ्या." फेब्रुवारी २०२५ मध्ये मी, नवरा आणि माझ्या ६८ वर्षांच्या सासूबाई असे तिघं सतरा दिवसांसाठी गेलो. चौथ्या रात्री फेस शहरातल्या एका सुंदर, जुन्या वाड्यात आम्ही स्वेटर, शाल, कानटोपी असा सगळा जामानिमा करून जेवायला बसलो होतो आणि सासूबाई दोन्ही हात चहाच्या पेल्याभोवती धरून बसल्या होत्या. मी मूळची निफाडची, थंडी मला नवी नाही. पण फरशीतून वर येणारी ती थंडी मी त्याआधी अनुभवली नव्हती.

तरीही कुणी विचारलं तर मी हाच काळ सुचवते. मार्चअखेर ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर हे तिथले गर्दीचे महिने. फेब्रुवारीत खोल्या सहज मिळतात, दुकानदारांना बोलायला वेळ असतो, शेतं हिरवी असतात, बदाम फुललेले असतात आणि मराकेशच्या गच्चीवरून अ‍ॅटलास पर्वताचा बर्फ दिसतो. फक्त तयारी थंड देशाची करावी लागते आणि दिनदर्शिका हाताशी ठेवावी लागते. आम्हाला जे वाटेत कळलं, ते तुम्हाला घरी बसून कळावं म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी अमावास्या बघा, मग विमानाचं तिकीट

ही पायरी बहुतेक जण गाळतात. सध्याच्या वर्षांत रमजान हिवाळ्याच्या शेवटी येतो आहे आणि दर वर्षी तो दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२५ साली मोरोक्कोत तो २ मार्चला सुरू झाला. २०२७ साली तो साधारण ८ फेब्रुवारीला सुरू होईल, २०२८ साली जानेवारीच्या अखेरीस. म्हणजे आणखी काही वर्षं "शांत हंगाम" आणि रमजान एकमेकांत मिसळलेले असणार.

घरच्या भिंतीवरचं कालनिर्णय इथे कामाला येतं. महिना सुरू होतो तो अमावास्येनंतरची पहिली कोर दिसल्यावर, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण द्वितीयेच्या आसपास. एखाद-दोन दिवस इकडेतिकडे धरा. तिथून पुढे एकोणतीस-तीस दिवस मोजले की ईद. ईदच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, आणि गावी जाणाऱ्यांनी गाड्या भरलेल्या.

रमजानात जाऊच नका असं मी म्हणणार नाही. आमचे शेवटचे तीन दिवस रमजानात गेले आणि त्यातली एक संध्याकाळ सगळ्या प्रवासात मला सगळ्यात जास्त आवडली. तिच्याबद्दल पुढे सांगते. पण सोबत लहान मुलं असतील, वेळेवर खावं लागणारे मधुमेही असतील, तर तारखा टाळलेल्या बऱ्या. २०२७ साठी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा ईदनंतरचा मार्च बघा.

२. व्हिसा

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो आणि तो ऑनलाइन मिळतो. मोरोक्कोच्या परराष्ट्र खात्याचं स्वतःचं ई-व्हिसा पोर्टल आहे, त्यावरच अर्ज करा. आम्ही भरलं तेव्हा साधं शुल्क ७७० दिरहम आणि तातडीचं ११०० दिरहम होतं. साध्या अर्जाला कामकाजाचे तीन दिवस सांगतात, तातडीच्या अर्जाला एक. व्हिसा एकदाच प्रवेशाचा आणि तीस दिवसांपर्यंतच्या मुक्कामाचा असतो.

सापळा असा की शोधयंत्रात सगळ्यात वर येणारी पानं बरेचदा एजंटांची असतात. ती हुबेहूब सरकारी दिसतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. पत्त्याच्या शेवटी मोरोक्कोचं ".ma" हे चिन्ह आहे का आणि शुल्क दिरहममध्ये दाखवतात का, हे बघून मगच कार्डाचा नंबर टाका.

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, कधी आडनाव वेगळ्या रकान्यात असतं, कधी नसतं. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत जसं आहे अगदी तसंच नाव भरा. सासूबाईंचा पहिला अर्ज आम्ही सवयीने "नाव, आडनाव" असा भरला होता, पाठवण्याआधी तपासताना चूक सापडली.

३. सोबत ठेवायचे कागद

सगळ्याच्या छापील प्रती ठेवा. विमानतळावर मोबाईल चालेलच असं धरून चालू नका.

– पासपोर्ट, किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला, आणि त्याच्या दोन झेरॉक्स
– ई-व्हिसाची छापील प्रत
– परतीचं तिकीट
– निदान पहिल्या दोन मुक्कामांचं आरक्षण, पत्ता आणि फोन नंबरसह
– प्रवास विमा. वाळवंटात किंवा डोंगरात जाणार असाल तर नक्कीच
– औषधांची चिठ्ठी, औषधाच्या घटकाच्या नावासह
– पासपोर्ट आकाराचे चार फोटो

पासपोर्टवर शिक्का बसला की त्यावरचा किंवा शेजारचा प्रवेश क्रमांक मोबाईलमध्ये टिपून ठेवा. प्रत्येक मुक्कामी एक पोलीस फॉर्म भरून घेतात आणि त्यात हा क्रमांक मागतात. रात्री दमून पोचल्यावर पुसट शिक्का दिव्याखाली धरून वाचत बसायची वेळ येत नाही.

आणि ड्रोन घरीच ठेवा. परवानगीशिवाय ड्रोन देशात नेता येत नाही, विमानतळावरच काढून घेतात.

४. बॅग भरताना लक्षात ठेवा : थंडी घरात असते

फेब्रुवारीत मराकेशला दुपारी २० अंशांच्या आसपास असतं, पहाटे ८. फेसला दुपारी १६-१७, पहाटे ५ पर्यंत उतरतं. आकडे बघून पुणेकर म्हणेल, त्यात काय. पण तिथली जुनी घरं, ज्यांना रियाद म्हणतात, ती उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली आहेत. मध्ये उघडा चौक, चारी बाजूंनी खोल्या, खिडक्या बाहेर रस्त्याकडे नाहीत तर आत चौकाकडे, खाली रंगीत फरशीचे तुकडे. जुलैत हे स्वर्गासारखं असेल. फेब्रुवारीत ऊन चौकाच्या तळापर्यंत पोचतच नाही आणि बाहेरच्यापेक्षा आत गार असतं. गरम व्हायला बहुतेक ठिकाणी भिंतीवरचा एसी हेच साधन, तेही खोली उंच असली तर वरची हवा तापवत बसतं.

म्हणून खोली ठरवताना फोटोंवर भाळू नका. निरोप पाठवून तीन प्रश्न सरळ विचारा : खोलीत हीटर आहे का, तो रात्रभर चालू ठेवता येतो का, आणि जादा ब्लँकेट मिळेल का. आम्ही पहिल्या मुक्कामी हे विचारलं नव्हतं आणि रात्री दहानंतर हीटर बंद करायचा तिथला नियम आहे हे दहा वाजता कळलं. ब्लँकेटला तिथे "मांता" म्हणतात. हा शब्द पाठ करून जा.

बॅगेत काय हवं :

– थर्मलचे दोन जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी. सासूबाईंसाठी गरम पाण्याची रबरी पिशवी नेली होती, तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला
– तळाला पकड असलेले बूट. पाऊस पडला की जुन्या शहरांतल्या उतरत्या, दगडी गल्ल्या निसरड्या होतात
– हलका रेनकोट. अरुंद गल्लीत छत्री उघडता येत नाही
– स्टोल किंवा मोठी ओढणी. थंडी, वारा, वाळू, सगळ्याला पुरते
– घरात घालायच्या जाड सपाता
– दोन गोल पिनांचं अ‍ॅडॅप्टर. मोबाईलचे दोन पिनांचे चार्जर थेट बसतात, आपले तीन पिनांचे प्लग बसत नाहीत
– मेतकूट, लसणीची चटणी, आणि एक छोटी किटली

तिथल्या बोलीला दारिजा म्हणतात. त्यात पावसाला आणि हिवाळ्याला एकच शब्द आहे, "श्ता". फेसमध्ये सकाळपासून पाऊस लागला होता आणि आम्ही तोंड पाडून बसलो होतो, तर घर सांभाळणाऱ्या बाई आभाळाकडे हात करून "श्ता, श्ता" म्हणत हसत होत्या. कितीतरी वर्षांच्या दुष्काळानंतर पडणारा पाऊस होता तो. मराठवाड्यातल्या माणसाला तो चेहरा लगेच ओळखू येईल.

५. मार्ग ठरवा आणि एक दिवस मोकळा सोडा

मुंबईहून थेट विमान नाही. दुबई, दोहा, अबू धाबी किंवा इस्तंबूल करून कासाब्लांकाला उतरायचं. आमचा मार्ग असा होता : कासाब्लांका, राबात, फेस, तिथून दक्षिणेला मेर्झूगाचं वाळवंट, मग पश्चिमेला तोद्रा घळ, वार्झाझात, आणि डोंगर ओलांडून मराकेश. हिवाळ्यात हीच दिशा मला बरी वाटते, कारण बर्फाने अडण्याची शक्यता असलेला शेवटचा टप्पा झाला की पुढे फक्त मराकेशचा आराम उरतो.

आता बर्फाचं. वार्झाझात ते मराकेश अंतर जेमतेम २०० किलोमीटर, साधारण चार तास. मध्ये तिझी न तिश्का ही २,२६० मीटर उंचीची खिंड आहे. जोराचा बर्फ पडला की खिंडीच्या दोन्ही बाजूंचे अडसर खाली येतात आणि रस्ता उघडेपर्यंत कुणालाही सोडत नाहीत. फेसहून वाळवंटाकडे जातानाही आझरू आणि मिदेल्तच्या मध्ये अशीच एक उंच खिंड लागते. त्याच वाटेवर इफ्रान आहे, जिथे ११ फेब्रुवारी १९३५ रोजी उणे २३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आफ्रिका खंडातलं सगळ्यात कमी.

आमच्या वेळी तिश्का एक दिवस बंद होती. सकाळी साडेसातला ड्रायव्हरने दोन फोन केले आणि बॅगा पुन्हा खोलीत न्यायला सांगितल्या. आमच्या हातात मोकळा दिवस होता, म्हणून आम्ही जवळच्या ऐत बेनहद्दूला पुन्हा गेलो. मातीच्या विटांचं ते तटबंदीचं गाव, १९८७ पासून जागतिक वारसा यादीत असलेलं, आदल्या दिवशी घाईत बघितलं होतं. आता दुपारभर बघितलं. त्याच हॉटेलातल्या एका तरुण जोडप्याचं रात्री मराकेशहून विमान होतं. त्यांना तालिऊईन, अगादीर असा भला मोठा वळसा घालून टॅक्सीने जावं लागलं. ते पोचले का, हे आम्हाला कळलं नाही.

तेव्हा डोंगर ओलांडायचा दिवस आणि परतीचं विमान यांच्यात किमान दोन रात्री ठेवा. ही एक गोष्ट पाळलीत तरी या लेखाचं काम झालं.

वाळवंटाच्या सहलींबद्दल. मराकेशमध्ये पावलापावलावर "वाळवंट, दोन दिवस" असे फलक दिसतात. त्या सहली बहुधा झागोराकडे जातात. तिथे वाळू आहे, पण मनात असतात तसे डोंगराएवढे ढिगारे नाहीत. ते बघायचे तर मेर्झूगाला जावं लागतं, आणि मराकेश ते मेर्झूगा साडेपाचशेहून जास्त किलोमीटर आहे. तीन दिवसांच्या सहलीत त्यातला बराच वेळ गाडीत जातो. फेसहून जाऊन मराकेशला उतरणं, मध्ये दोन-तीन मुक्काम करत, हे वयस्क माणसांच्या कंबरेला मानवतं.

तंबूत राहणार असाल तर दुपारच्या उबदार हवेवर विसंबू नका, पहाटे तापमान शून्याजवळ जातं. संडास तंबूला जोडून आहे का, हे आरक्षणाआधी विचारा. आम्ही अमावास्येच्या आधीचे दिवस निवडले होते. रात्री साडेआठला सासूबाई ब्लँकेट गुंडाळून तंबूबाहेर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मृग अगदी डोक्यावर आलाय बघ." लहानपणी अंगणात झोपताना दिसायचा तसा, तिन्ही ताऱ्यांच्या बाणासकट. त्यानंतर अर्धा तास त्यांना आत न्यायची आमची हिंमत झाली नाही.

बदामाचा बहर बघायचा तर फेब्रुवारीचे मधले दोन-तीन आठवडे चांगले. अगादीरच्या आग्नेयेला ताफ्राऊतची दरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेवढा वळसा जमत नसेल तर दादेस नदीच्या काठच्या गावांतही लाल मातीच्या भिंतींसमोर पांढरी-गुलाबी झाडं दिसतात.

६. पैसे

दिरहम मोरोक्कोबाहेर मिळत नाही, तिथेच घ्यावा लागतो. एक दिरहम साधारण नऊ ते दहा रुपये धरा. रुपये कुठेच बदलून मिळत नाहीत, युरो किंवा डॉलर न्या. विमानतळावर फक्त पहिल्या दोन दिवसांपुरते बदला, बाकी शहरातल्या एटीएममधून किंवा बदली केंद्रातून. पावती जपून ठेवा, उरलेले दिरहम परत करताना मागतात. देशाबाहेर दोन हजारांपेक्षा जास्त दिरहम नेता येत नाहीत.

नोट मोडून सुट्टे करायची एकही संधी सोडू नका. टॅक्सी, चहा, स्वच्छतागृह, सामान उचलणारा, सगळीकडे पाच-दहा दिरहमची नाणी लागतात.

७. फिरण्याची साधनं

रेल्वे चांगली आहे, वापरा. कासाब्लांका विमानतळावरूनच शहरात गाडी जाते. तांजे ते कासाब्लांका, कमाल ताशी ३२० किलोमीटर वेगाची अल बोराक २०१८ पासून धावते. मराकेशच्या दक्षिणेला मात्र रूळ नाहीत, तिथे बस किंवा गाडी. सेतेएम आणि सुप्राटूर या दोन कंपन्यांच्या बस आरामशीर असतात आणि सामानाची पावती देतात.

टॅक्सी दोन प्रकारच्या. छोटी टॅक्सी शहरातल्या शहरात चालते, तिच्यात तीनच माणसं बसतात. चौघं असाल तर दोन कराव्या लागतील, वाद घालून उपयोग नाही. बसतानाच "कोंतर" म्हणून मीटरकडे बोट दाखवा. रात्री दीडपट भाडं हा नियमच आहे, फसवणूक नाही. मराकेशमध्ये मीटर लावायला कोणी सहसा तयार होत नाही, तिथे मुक्कामी भाड्याचा अंदाज विचारून घ्या आणि बसण्याआधी आकडा ठरवा. मोठी टॅक्सी गावोगाव जाते, सहा सीट भरल्या की निघते, अगदी आपल्या वडापसारखी. घाई असेल तर रिकाम्या सीटचेही पैसे भरा.

सिमकार्ड विमानतळावर मिळतं, पासपोर्ट लागतो. पोलिसांसाठी शहरात १९, शहराबाहेर १७७, रुग्णवाहिकेसाठी १५.

८. फेसच्या गल्ल्यांत

फेसचं जुनं शहर म्हणजे गल्ल्यांचं जाळं. गाड्या आत येत नाहीत. सामान गाढवावरून आणि हातगाडीवरून येतं. मागून "बालाक! बालाक!" ऐकू आलं की मागे वळून बघत बसू नका, भिंतीला चिकटा. गॅसच्या टाक्या लादलेलं गाढव थांबत नाही.

मोबाईलवरचा नकाशा इथे दगा देतो. त्याऐवजी उतार लक्षात ठेवा. बाब बू जलूद या निळ्या दरवाजातून दोन मुख्य वाटा आत जातात आणि दोन्ही उतरत उतरत करवीयिन मशिदीच्या बाजूला पोचतात. ही मशीद ८५९ साली स्थापन झाली, आत फक्त मुसलमानांना प्रवेश आहे, पण दरवाजातून अंगण दिसतं. हरवलात तर चढ धरा, वर वर गेलं की दरवाजा सापडतो.

"रस्ता बंद आहे, इकडून या" म्हणणारी मुलं भेटतील. रस्ता सहसा बंद नसतो. "ला, शुक्रान" (नको, धन्यवाद) एवढंच, हसून, न थांबता. "इंदिया? शाहरुख खान!" असं ओरडणारेही पुष्कळ भेटतील. त्यांतले बहुतेक खरोखरच प्रेमाने ओरडतात, उलट हसून बोला. पहिल्या दिवशी बिल्लाधारी अधिकृत गाईड घेतलात तर उरलेले दिवस सोपे जातात. तो घेताना एक अट स्पष्ट सांगा : दुकानात नेऊ नका.

कातडी कमावायची शुआरा ही जागा वरच्या गच्च्यांमधून बघतात. गच्च्या चामड्याच्या दुकानांच्या, म्हणून "फुकट" बघितल्यावर खरेदीचा आग्रह होतो. थोडे पैसे देऊन बाहेर पडा, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. शिरताना नाकाशी धरायला पुदिन्याची काडी देतात. चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरतात, त्यामुळे वास असतोच, पण थंडीत तो उन्हाळ्याइतका उग्र नसतो.

९. शाकाहारी असाल तर

उपाशी राहणार नाही. "ब्ला ल्हम" म्हणजे मांसाशिवाय. पण भाजीचं ताजीन (झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेली रस्साभाजी) मांसाच्या रश्शात शिजवलेलं असू शकतं, आणि हरीरा या सुपात बरेचदा मांसाचे तुकडे असतात, म्हणून दोन्हींबद्दल वेगळं विचारा. शुक्रवारी करतात तो कुसकुस, म्हणजे वाफवलेले रव्याचे दाणे, तोही तसाच, वाफ खालच्या रश्श्याची असते.

डोळे मिटून खाता येईल ते बिसारा. वाळवलेल्या बाकल्याचं दाट सूप, हिवाळ्यातला सकाळचा नाश्ता. फेसमध्ये एका खोलीएवढ्या दुकानात मोठ्या मातीच्या मडक्यातून ते वाडग्यात ओततात, वर ऑलिव्हचं तेल हिरवट चकाकेल इतकं, जिऱ्याची पूड आणि तिखट, सोबत गरम गोल पाव. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "हे पिठल्याच्या नात्यातलं आहे." मग चार दिवस आमची सकाळ तिथेच झाली. बटाट्याचे वडे पावात घालून, वर तिखट चटणी लावून देतात, त्याला माकूदा म्हणतात. मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यायला नको. वांग्याचं झालूक आपल्या भरताजवळचं, म्समन हा पदर सुटलेला चौकोनी पराठा. या दिवसांत संत्री गोड असतात, वर दालचिनी भुरभुरून देतात.

पुदिन्याचा चहा सगळीकडे मिळतो. थंडीत त्यात शीबा नावाची कडसर, करड्या पानांची वनस्पती घालतात. मागून बघा, घसा मोकळा होतो. साखर कमी हवी असेल तर चहा करायला घेण्याआधी सांगा, किटलीत एकदा पडली की पडली.

१०. गारठलात तर हम्माम

मोहल्ल्यातलं सार्वजनिक स्नानगृह. स्त्रिया आणि पुरुष वेगळे, कधी वेळा वेगळ्या. हॉटेलांतल्या महागड्या स्पापेक्षा मला हे आवडलं. सोबत टॉवेल, सपाता, आतले कोरडे कपडे आणि सुट्टे पैसे न्या. अंगावर चड्डी ठेवायची असते. अंग चोळणाऱ्या बाई बादलीभर गरम पाणी ओततात, ऑलिव्हचा काळा मऊ साबण फासतात, थोडा वेळ तसंच बसवून ठेवतात आणि मग खरखरीत हातमोज्याने घासायला लागतात. साबणाला त्या "साबून" म्हणतात. सासूबाईंना हा शब्द कळल्यावर संकोच निम्मा गेला. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई उटणं लावून घासायची तसंच, तितकंच निर्दयपणे. बाहेर आलो तेव्हा थंडी वाजत नव्हती, आणि ती ऊब झोपेपर्यंत टिकली. उच्च रक्तदाब असेल तर सगळ्यात आतल्या, सगळ्यात गरम खोलीत जाऊ नका.

११. रमजान लागलाच तर

दोन घड्याळं सांभाळावी लागतात. एरवी मोरोक्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. रमजानाआधीच्या रविवारी ते आणखी एक तास मागे जातं आणि महिना संपल्यावर परत येतं. मोबाईल आपोआप बदलतो, मनगटावरचं घड्याळ नाही. आम्ही वाळवंटात असताना हा बदल झाला आणि सासूबाई न्याहारीला एक तास आधी तयार होऊन बसल्या. बस-रेल्वेच्या वेळा विचारताना "नवी वेळ की जुनी" हे विचारून घ्या. बदल होण्याआधीच्या दिवसांत सकाळी आठच्या सुमारास उजाडतं, म्हणून पहाटे लवकर निघायचे बेत आखू नका.

दिवसा स्थानिक खाणावळी बंद असतात, पर्यटकांच्या उघड्या. रस्त्यात खाऊपिऊ नका, पाण्याचा घोट आडोशाला घ्या. वास्तू लवकर बंद होतात, म्हणून बघायचं ते सकाळी. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी टॅक्सी मिळेनाशा होतात आणि नंतर तासभर शहर रिकामं असतं, तेव्हा मुक्कामी पोचलेले असा.

आम्ही २ मार्चला मराकेशमध्ये नेमके त्या वेळी रस्त्यावर राहिलो. टॅक्सी नाही, दुकानांची दारं अर्धी ओढलेली. फुटपाथवर एक रखवालदार कार्डबोर्डवर जेवण मांडून बसला होता : खजूर, उकडलेली अंडी, हरीऱ्याचं भांडं, मधात बुडवलेली शबाकिया. अजान झाली. त्याने स्वतः खजूर तोंडात टाकायच्या आधी एक सासूबाईंपुढे धरला. हरीऱ्यात मांस आहे हे त्याने खुणेने सांगितलं आणि त्याऐवजी अंडं पुढे केलं. सासूबाई अंडं खात नाहीत. त्यांनी दोन शबाकिया खाल्ल्या, पिशवीतून आपली शेंगदाण्याची चिक्की काढली आणि अख्खं पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने ते कपाळाला लावून खिशात ठेवलं.

१२. परत निघताना

उरलेले दिरहम सामान तपासणीच्या आधीच बदला, आत गेल्यावर अडचण येते. विमानतळावर तीन तास आधी पोचा, आमच्या वेळी इमारतीत शिरतानाच एक तपासणी होती. काळा साबण, अर्गनचं तेल, अम्लू (बदाम, अर्गनचं तेल आणि मध यांचं पातळसर वाटण) हे सगळं तपासणीत द्रवात मोजलं जातं, म्हणून मोठ्या बॅगेत टाका. आणि साबणाचा डबा दोन पिशव्यांत घट्ट बांधा. आमचा एक वाटेत उघडला, सासूबाईंच्या शालीला अजून ऑलिव्हचा वास येतो आणि ती धुवायला त्या तयार नाहीत.